सत्यमच्या संचालक मंडळात कमी काय होते?

खतावणी (धागाकर्ता)

आमच्या गुंतवणूक अभ्यासगटात एका तरुण सभासदाने विचारले की, वार्षिक अहवालातले कंपनी सुशासनाचे, म्हणजे कंपनी कशी चालवली जाते आणि तिच्यावर देखरेख कोण ठेवते याचे, प्रकरण वाचावे का, आणि वाचलेच तर त्यातून नेमके काय कळते. 'वाचावेच' असे उत्तर मी देऊन टाकले खरे, पण त्या उत्तरावर माझेच समाधान झाले नाही. ते प्रकरण नीट वाचणाऱ्याला २००८ साली सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या सॉफ्टवेअर कंपनीबद्दल काय कळले असते, हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा धागा.

त्या कंपनीच्या मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी केंद्रीय कॅबिनेट सचिव होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते आणि पेंटियम चिपशी ज्यांचे नाव जोडले जाते ते विनोद धामही होते. लेखापरीक्षण समिती होती, जगभर नाव असलेल्या संस्थेचे लेखापरीक्षक होते, आणि शेअर न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदलेला असल्यामुळे तिथले नियमही लागू होते. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला उत्तम सुशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्याच पत्रात सप्टेंबर तिमाहीचे खरे आकडेही होते. जाहीर केलेला महसूल २,७०० कोटींचा, तर खरा २,११२ कोटींचा. जाहीर केलेला परिचालन नफा ६४९ कोटींचा, म्हणजे महसुलाच्या २४ टक्के, तर खरा ६१ कोटींचा, म्हणजे अवघा ३ टक्के.

मला या प्रकरणातला सर्वांत बोलका दिवस मात्र ७ जानेवारी वाटत नाही, १६ डिसेंबर २००८ वाटतो. त्या दिवशी मंडळापुढे मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या राजू कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्यांसाठी सुमारे १.६ अब्ज डॉलर मोजण्याचा प्रस्ताव आला. (इंग्रजी स्पेलिंग उलटे वाचले की सत्यमचे मेटास होते, हे तेव्हा शाळकरी मुलेही एकमेकांना सांगत होती.) सॉफ्टवेअरच्या कंपनीने जमिनीच्या आणि बांधकामाच्या धंद्यात का पडावे, मूल्यांकन कोणी केले, असे काही प्रश्न बैठकीत निघाले, तरी शेवटी ठराव एकमताने संमत झाला आणि भागधारकांची मंजुरी कोणी मागितली नाही. हा व्यवहार म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असे राजूंनी पुढे पत्रात लिहिले. तो हाणून पाडला तो बाजाराने. बातमी येताच न्यूयॉर्कमध्ये शेअर एका सत्रात निम्म्याहून अधिक कोसळला, परदेशी आणि देशी फंडांनी उघड विरोध केला, आणि काही तासांतच कंपनीला प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

ज्यांना नियमाने पहारेकरी नेमले होते त्यांनी होकार दिला, आणि ज्यांच्या हातात औपचारिक अधिकार जवळजवळ नव्हता त्यांनी व्यवहार थांबवला. मला यातून असे वाटते की, एखादी यंत्रणा कामी येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहारेकऱ्याकडे व्यवस्थापनाने न पुरवलेली, स्वतःची अशी माहिती हवी, आणि चूक झाली तर त्याच्या स्वतःच्या खिशाला झळ बसायला हवी. फंडांचे पैसे बुडत होते. संचालकांचे फार तर मानधन बुडत होते.

तेव्हापासून पुष्कळ बदलले आहे. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी, तारण ठेवलेल्या शेअरची माहिती उघड करणे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, त्याच जानेवारीत सक्तीचे केले, कारण राजूंचे बहुतेक शेअर सावकारांकडे तारण पडले आहेत हे सामान्य भागधारकाला ठाऊकच नव्हते. २०१३ चा कंपनी कायदा आला. सूचीबद्ध कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकाशी आणि व्यवस्थापनाशी संबंध नसलेले, हवेत, त्यांना पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच मुदती मिळतील, लेखापरीक्षक संस्था दहा वर्षांनी बदलावी लागेल, अशा तरतुदी झाल्या. या सगळ्याने उत्तरदायित्व खरोखर वाढले का? आणि वाढले असेल, तर त्याने कंपन्यांची कामगिरी सुधारली का? सभासदांनी स्वतः पाहिलेले सांगावे, ही विनंती.

अर्धाशेर

प्रवर्तक सरळ असेल तर नियम लागत नाहीत आणि वाकडा असेल तर पुरत नाहीत. मी तरी सुशासनाचे प्रकरण उलटून पुढे जातो आणि संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्यांशी, झालेल्या व्यवहारांची टीप काढतो. कंपनीची कचेरी कोणाच्या मालकीच्या इमारतीत आहे आणि भाडे किती दिले जाते, एवढे पाहिले तरी मालकाचा स्वभाव कळतो.

इतिवृत्त

मी गेली एकोणीस वर्षे कंपनी सचिव म्हणून काम करतो आहे. कंपन्यांची नावे सांगणार नाही, पण बैठकीच्या खोलीत काय घडते ते सांगू शकतो.

कायद्याप्रमाणे मंडळाच्या बैठकीची सूचना सात दिवस आधी जावी लागते आणि विषयपत्रिकेसोबतची टिपणेही साधारण तेव्हाच पाठवायची असतात. प्रत्यक्षात टिपणांचा गठ्ठा जातो तो दोनशे-तीनशे पानांचा, आणि त्यात कर भरल्याची प्रमाणपत्रे, समित्यांची मागची इतिवृत्ते, बँक खात्यांवर सह्या करणाऱ्यांची बदललेली यादी असे सगळे आधी असते. पैशाचा मोठा निर्णय मात्र बहुधा शेवटच्या पानावर, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या ओळीखाली दडलेला असतो. शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती उशिरा देण्याची मुभा नियमातच आहे, आणि तिचा हेतू चांगला आहे. पण दुपारी साडेतीनला, जेवणानंतर, ज्यांचे सहाचे विमान आहे अशा तीन पाहुण्यांसमोर चाळीस पानांचे मूल्यांकन पडद्यावर दाखवले की 'स्वतंत्र' या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही.

एकदा एका वयस्कर स्वतंत्र संचालकांनी अशाच एका व्यवहाराच्या वेळी शांतपणे सांगितले की, मी हे वाचलेले नाही, तेव्हा मी होकारही देत नाही आणि नकारही देत नाही, माझे हे म्हणणे शब्दशः इतिवृत्तात घ्यावे. खोलीत कोणीही आवाज चढवला नाही. पण 'शब्दशः घ्यावे' म्हटल्यावर वित्त प्रमुखांनी पडदा बंद केला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत तो आलाच नाही. त्या संचालकांची पहिली मुदत संपली तेव्हा त्यांची फेरनेमणूकही झाली नाही, हे ओघाने आलेच.

खतावणी यांनी दोन अटी सांगितल्या, त्यांत मी तिसरी घालीन. पहारेकऱ्याची नेमणूक आणि फेरनेमणूक कोणाच्या हातात आहे? ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच बहुमताने नेमणूक होत असेल, तर पुस्तकी स्वातंत्र्य पाच वर्षेच टिकते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये टाटा समूहातल्या वादात स्वतंत्र संचालक नस्ली वाडिया यांना टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्सच्या मंडळांवरून भागधारकांच्या मतदानाने दूर केले गेले. त्या वादात बाजू कोणाची खरी होती हा वेगळा विषय आहे. स्वतंत्र संचालकाला साध्या बहुमताने घालवता येत होते, आणि त्या बहुमतात प्रवर्तकाची मते मोजली जात होती, हे मात्र तेव्हा सर्वांनी पाहिले. जानेवारी २०२२ पासून सूचीबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मते, लागू लागली; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून, तेवढी मते पडली नाहीत तरी एकूण बहुमत आणि प्रवर्तक सोडून इतर भागधारकांचे बहुमत मिळाले तर चालते. ज्या प्रवर्तकाकडे ५० टक्के शेअर आहेत त्याला आता इतरांपैकी काहींचे मन वळवावेच लागते. ७० टक्के असतील तर मात्र फारसा फरक पडत नाही.

आणि राजीनामापत्रे वाचत जा. 'वैयक्तिक कारणास्तव' एवढेच लिहून जाण्याची सोय आता राहिलेली नाही. सविस्तर कारण द्यावे लागते आणि याखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण नाही असे लिहूनही द्यावे लागते. तरीही बहुतेकांना अचानक इतर व्याप वाढल्याचे आठवते. एका वर्षात दोघांचे व्याप वाढले की मी तरी सावध होतो.

शाखाधिकारी_निवृत्त

सत्यममधली खोट्या बँक शिलकीची गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे, कारण बँकेत असताना शिलकीची खात्रीपत्रे मीच सही करून देत असे.

पद्धत साधी आहे. लेखापरीक्षकाने बँकेला थेट पत्र लिहायचे, बँकेने ३१ मार्चची शिल्लक, ठेवी, कर्ज आणि तारण लिहून थेट लेखापरीक्षकाकडे पाठवायचे. कंपनीचा माणूस या फेरीत कुठेही येता कामा नये, यातच त्या पत्राची सारी किंमत आहे. आमच्या काउंटरवर मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचाच लेखनिक ते पत्र घेऊन उभा असे, 'साहेब, लगेच द्या, ऑडिटर आमच्याकडेच बसलेत' असे म्हणे, आणि पाकीट बंद करून त्याच्याच हातात दिले जाई. मीही दिले आहे. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, टपालाला चार दिवस लागत एवढेच.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने एप्रिल २०११ मध्ये सत्यमचे लेखापरीक्षक असलेल्या प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय संस्थांवर ठपका ठेवला तो नेमका याच मुद्द्यावर. खात्रीपत्रे पाठवणे आणि परत घेणे त्यांनी सर्रास कंपनीच्या व्यवस्थापनावर सोपवले होते, आणि त्यासाठी ६० लाख डॉलरचा दंड त्यांनी भरला. सेबीने २०१८ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, ती अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये रद्द केली, हेही नोंदवायला हवे. कायद्याचा कीस काढणे मला जमणारे नाही. मला एवढेच दिसते की पाच हजार कोटींचा प्रश्न बंद पाकीट कोणाच्या हातातून गेले यापाशी येऊन थांबतो.

खतावणी

शाखाधिकारी यांचा अनुभव वाचून मी माझे एक वाक्य मागे घेतो. झळ बसणे पुरेसे नाही, कारण त्या लेखनिकाच्या हातात पाकीट देताना झळ कोणालाच दिसत नव्हती.

इतिवृत्त यांच्या तिसऱ्या अटीला मात्र मी एक अलीकडचे उदाहरण जोडतो, कारण त्यात प्रवर्तकाचे मतच बाजूला ठेवले गेले. नेस्ले इंडियाने स्विस पालक कंपनीला द्यायचे स्वामित्व शुल्क (रॉयल्टी) निव्वळ विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून दरवर्षी ०.१५ टक्क्यांनी वाढवत पाच वर्षांत ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव २०२४ मध्ये भागधारकांपुढे मांडला. पालक कंपनीकडे ६२ टक्क्यांहून अधिक शेअर आहेत, म्हणजे एरवी साधा ठराव तिच्या एकटीच्या मतांवर सहज संमत झाला असता. पण संबंधित पक्षाशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारात त्या पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. उरलेल्यांनी मतदान केले, सुमारे ५७ टक्के मते विरोधात पडली, आणि ठराव फेटाळला गेला. शुल्क ४.५ टक्क्यांवरच राहिले. कोणी घोटाळा केला नव्हता, कोणावर खटला झाला नाही, वर्तमानपत्रांतही दोन दिवसांपलीकडे चर्चा नव्हती. मला उत्तरदायित्वाचे हे रूप सत्यमनंतरच्या सगळ्या अटकांपेक्षा मोलाचे वाटते, कारण पैसा जाण्याआधी प्रश्न विचारला गेला.

कृष्णाकाठ

कंपन्यांमध्ये प्रवर्तकाकडे मते फार म्हणून तक्रार आहे. आमच्याकडे, सहकारात, प्रत्येकाला एकच मत आहे, तरी काय होते ते पाहा.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी दिली. नंतर उघड झाले की सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते, आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट कर्जखाती दाखवली होती. वैधानिक लेखापरीक्षण दरवर्षी होत होते, सभासदांची सभा दरवर्षी भरत होती, लाभांश वाटला जात होता. एक माणूस एक मत, हे तत्त्व कागदावर इतके सुंदर आहे की हजारो सभासदांत कोणा एकाला ताळेबंद वाचण्याची गरजच वाटत नाही.

आमच्या गावच्या संस्थेच्या सभेत मी वडिलांबरोबर लहानपणापासून जातो आहे. अहवालाचे पुस्तक दारात मिळते, विषय क्रमांक एक ते अकरा वाचले जातात, आणि प्रत्येकानंतर पुढच्या चार रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. मागून कोणी उठून उसाच्या तोडणी-वाहतुकीच्या खर्चाबद्दल विचारले तर ध्वनिक्षेपक नेमका तेव्हाच बिघडतो. खतावणी यांनी पैशाची झळ म्हटले. इथे झळ आहे, माहितीही थोडीफार आहे, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या उसाला तोड उशिरा मिळते. त्यामुळे चौथी अट माझी : प्रश्न विचारणाऱ्याला त्याचे मोल मोजावे लागू नये.

नागरी सहकारी बँकांपुरते सांगायचे तर, १०० कोटींवर ठेवी असलेल्या बँकांनी संचालक मंडळाखेरीज जाणकारांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या अखेरीस ठरवले. कल्पना चांगली आहे. ते जाणकार निवडायचे कोणी, याचे उत्तर पुन्हा संचालक मंडळाशीच येते.

टक्का

सर्व जण उत्तरदायित्वावर बोलत आहेत, कामगिरीचा दुसरा प्रश्न मागेच राहिला.

सुशासनाला गुण द्यावेत, ते नफ्याशी ताडून पाहावेत आणि संबंध आहे असे जाहीर करावे, ही पद्धत मला पटत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे, नाव आहे, त्यांनाच चांगले संचालक आणि महागडे लेखापरीक्षक परवडतात, म्हणजे कार्यकारणभाव उलटाही असू शकतो. याहून मोठी अडचण सत्यमनेच दाखवली आहे. तिचा २४ टक्के नफा कोणत्याही अभ्यासात 'उत्तम सुशासन, उत्तम कामगिरी' या रकान्यात बसला असता. कामगिरी मोजायचे मापच ज्या यंत्रणेच्या हातात आहे तिचा परिणाम त्याच मापाने मोजायचा, म्हणजे तराजू दुकानदाराचा आणि तक्रारही दुकानदाराकडेच.

माझ्या मते परिणाम दिसतो तो संकटात. राजूंच्या पत्रानंतर दोनच दिवसांनी सरकारने सत्यमचे मंडळ बरखास्त केले आणि दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना आणले. ग्राहक टिकवणे, पगाराला पैसा उभा करणे आणि कंपनीसाठी खरेदीदार शोधणे एवढेच त्यांनी हाती घेतले. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने बोली जिंकली आणि २०१३ मध्ये कंपनी तिच्यात विलीन झाली. तिमाहीचा २,११२ कोटींचा महसूल खरा होता, अभियंते खरे होते, काम खरे होते. तोच धंदा विश्वासाचे मंडळ मिळाल्यावर उभा राहिला आणि त्याआधीच्या मंडळाखाली बुडायला निघाला होता. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही हे मला मान्य आहे, पण एवढी स्वच्छ तुलना धंद्यात क्वचितच मिळते.

एक उलट उदाहरणही द्यायला हवे. ऑगस्ट २०२१ मध्ये बुलेट मोटरसायकल बनवणाऱ्या आयशर मोटर्सचे व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि वेतनाचा विशेष ठराव साधारण ७३ टक्के मते मिळूनही पडला, कारण ७५ हवी होती. मंडळाने नेमणूक आणि वेतन वेगवेगळे केले, वेतनाची मर्यादा कमी केली आणि पुन्हा मांडले, तेव्हा ते संमत झाले. बुलेट तेवढ्याच बनल्या आणि तेवढ्याच खपल्या. कामगिरीत फरक शून्य, तरीही ती घटना महत्त्वाची आहे, असे मी मानतो.

अर्धाशेर

टक्का यांचा तराजू पटला. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदे वेगळी करण्याच्या नियमाचे काय झाले, हे कोणी सांगेल का? मध्यंतरी त्याचा फार गाजावाजा होता.

इतिवृत्त

सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने २०१७ मध्ये ती शिफारस केली, सेबीने एप्रिल २०२० पासून मोठ्या कंपन्यांना ती लागू करायचे ठरवले, मग मुदत एप्रिल २०२२ पर्यंत वाढवली, आणि मुदत संपण्याच्या दीड महिना आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ती ऐच्छिक करून टाकली. ज्या घरांत वडील अध्यक्ष आणि मुलगा व्यवस्थापकीय संचालक आहेत, त्यांना मूळ नियमातली 'एकमेकांचे नातेवाईक नसावेत' ही अट जाचत होती. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी पदे आधीच वेगळी केली होती.

खतावणी

सर्वांचे आभार. त्या तरुण सभासदाला मी काल सांगितले की, सुशासनाचे प्रकरण शेवटी वाच. आधी संबंधित पक्षांचे व्यवहार, मग लेखापरीक्षकाच्या अहवालातले महत्त्वाचे मुद्दे, मग वर्षभरात कोण कोण सोडून गेले ते, आणि त्यानंतर मतदान कर. त्याने उत्साहाने एका कंपनीच्या ठरावांची टिपणे दोन रात्री बसून वाचली, विरोधात मत द्यायचे ठरवले, आणि सभेच्या दिवशी सकाळी संगणक उघडला. ई-मतदान आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद झाले होते. आता तो सभेत प्रश्न विचारण्यासाठी वक्ता म्हणून नाव नोंदवता येईल का ते शोधतो आहे, आणि त्याची मुदतही गेली असावी असा मला दाट संशय आहे.